पुसायचा राहिलेला फळा

मी फळा बोलतोय. पुढचा नव्हे, मागचा. पुढच्याचं सगळे वाचतात, उतरवून घेतात, त्याच्याकडे बोट दाखवून भांडतात. माझं ऐकायला आज तुम्ही सापडलात, तेव्हा पळ काढू नका.

वेळ थोडा आहे. सर चहाला गेलेत आणि ते येईपर्यंतच मला बोलता येईल. गप्प बसणं तर माझ्याच्यानं होणारच नाही. चहाला गेलेलं माणूस जिना चढून परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. तुम्ही म्हणाल, फळ्याला कसला आलाय जीव! ऐका तर खरं.

आम्ही दोघे भाऊ. एकाच सुताराने, एकाच लाकडातून, एकाच आठवड्यात घडवलेले. तो आम्हाला काळा रंग द्यायचा, वाळला की पॉलिशपेपरने घासायचा, पुन्हा रंग द्यायचा. त्याची बायको दारातून म्हणायची, "अहो, एवढी निगा पोरांची राखली असतीत तर!" तो हसायचा आणि पुन्हा घासायला लागायचा.

मग आम्हाला विद्यापीठात आणलं. उपयोजित गणित आणि संख्याशास्त्र असं लांबलचक नाव असलेल्या विभागात, दुसऱ्या मजल्यावर, व्याख्यानाच्या खोलीत. एका चौकटीत दोन खाचा. पुढच्या खाचेत भाऊ, मागच्या खाचेत मी. वर कप्प्या, दोर आणि वजनं. भाऊ भरला की त्याला वर सरकवायचं, म्हणजे खाली मी उघडा. माझ्यावर लिहून झालं की दोघे खालीवर, सगळं गणित एका नजरेत. काय थाट होता आमचा!

दर बुधवारी इथे टॉक असतो. कुणी रक्तदाबाच्या गोळीचा हिशेब मांडतो, कुणी पुलाच्या थरथरीचा, कुणी मतदानाच्या अंदाजाचा. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वक्ता "थोडक्यात सांगतो" म्हणाला की लोक घड्याळ बघतात. "हे तर उघडच आहे" म्हणाला की खोलीतल्या एकालाही काही कळलेलं नसतं, पण माना सगळे डोलावतात. आणि पहिल्या रांगेत जो घोरत असतो, तोच शेवटी दचकून उठतो आणि असा प्रश्न टाकतो की वक्त्याच्या तोंडचं पाणी पळतं.

या खोलीचा एक नेम आहे. प्रश्न संपेपर्यंत फळा पुसायचा नाही. कारण ही मंडळी शेवटच्या ओळीवर कधी भांडत नाहीत, पहिल्या ओळीवर भांडतात. "तुम्ही हे धरून चाललात तेच मुळात का?" म्हणून पहिली ओळ डोळ्यांसमोर लागतेच. दोन फळे होते ते त्यासाठी.

आता बाईंचं सांगतो.

बाई आणि सर हे याच विभागातले नवरा-बायको. सर उपयोजित गणितवाले, बाई संख्याशास्त्रवाल्या. दोघांचा विषय एकच, नदीचा पूर. सर माझ्या भावावर समीकरण मांडायचे आणि म्हणायचे, "पाणी किती चढणार ते हे सांगेल." बाई माझ्यासमोर येऊन म्हणायच्या, "आधी त्याला विचारा, आजवर किती वेळा थापा मारल्यात." खोली हसायची. सर कान लाल करून बसायचे आणि घरी जाताना बाईंची पिशवी तेच उचलायचे.

बाई बुटक्या होत्या. वरच्या ओळी स्टुलावर चढून लिहायच्या, खालच्या ओळी पार वाकून. खडू असा दाबायच्या की मला गुदगुल्या व्हायच्या. चुकलं की डस्टर शोधायचा धीर नसे, तळहातानेच पुसायच्या आणि मग तो हात कपाळाला लावायच्या. दिवसभर कपाळावर पांढरा पट्टा घेऊन फिरायच्या, कुणी सांगितलं तर म्हणायच्या, "असू दे, आज काम केलं एवढं तरी दिसतं."

त्या बुधवारी टॉक त्यांचाच होता. जेवणाच्या सुट्टीतच येऊन त्यांनी मला वरपासून खालपर्यंत भरलं. पुराचा अंदाज जास्तीत जास्त किती चुकेल, असं काहीतरी होतं ते. शेवटच्या ओळीला उत्तर आलं. छान, सुटसुटीत, छोटंसं उत्तर. बाई दोन पावलं मागे गेल्या, बघत राहिल्या, आणि त्यांचं तोंड उतरलं.

"इतकं गोड?" त्या पुटपुटल्या. "छे. कुठंतरी माती खाल्लीय मी."

मला ठाऊक होतं कुठे ते. मधल्या एका ओळीत कंस सोडवताना बाहेरचं वजा आतल्या दुसऱ्या पदाला लावायचं राहून गेलं होतं. शाळेतली पोरं करतात तीच चूक. अंगावरचं लिहिलेलं मला कळणार नाही तर कुणाला? पण मला तोंड कुठे आहे!

बाईंनी घड्याळ बघितलं. मधल्या वेळात कुणी येऊन पुसून टाकेल म्हणून खाली वाकून, अगदी तळाशी, चौकट काढून दोन शब्द लिहिले. पुसू नका. मग माझ्यावर एक चापट मारली आणि म्हणाल्या, "चहा पिऊन येते, मग बघते तुझ्याकडे."

त्या खाली कॅन्टीनमध्ये गेल्या. कप हातात घेतला, बाकावर बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं म्हणे. मला हे सगळं नंतर, लोकांच्या कुजबुजीतून कळलं. त्या वेळी मला फक्त जिन्यावरची धावपळ ऐकू आली, आणि मग ही खोली इतकी गप्प झाली की कप्पीसुद्धा कुरकुरली नाही.

मी वाट बघत राहिलो. येते म्हणाल्या होत्या ना!

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुख एका सुताराला घेऊन आले. त्यांचे डोळे सुजलेले होते. म्हणाले, "पुढचा फळा खाली ओढा आणि खाचेत पाचर ठोका. चुकूनसुद्धा कुणी वर करता कामा नये. बाईंचं शेवटचं काम आहे मागे." पाचर बसली. माझ्यासमोर अंधार झाला.

माणूस वाईट नव्हता हो तो. मायेनंच केलं त्याने. पण मायेनं कोंडलेल्याला ओरडायचीसुद्धा चोरी असते.

तेव्हापासून मी आत. भावाच्या पाठीला नाक लावून उभा. ना उजेड, ना वारा, ना खडू, ना डस्टर. सुरुवातीला वाटायचं, चार दिवस जातील, मग कुणीतरी म्हणेल, चला, आता काढा. ऋतू गेले, शिकवणारे बदलले, भिंतींना नवा रंग लागला. रंगाऱ्यानेसुद्धा आमच्या चौकटीला बगल दिली. बाहेर टॉक चालायचे, टाळ्या व्हायच्या, मला सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं. भाऊ करवादायचा, "तुला काय, नुसता आराम! माझी सालटी निघाली पुसून पुसून." मी म्हणायचो, "बदलतोस का जागा?"

आणि अफवा! पाचर होती तरी पुढचा फळा वीतभर वर उचलला जायचा. तेवढ्या फटीतून माझा तळच दिसायचा, चौकटीतले ते दोन शब्द. नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला जुने विद्यार्थी ती फट दाखवायचे. "बाईंचा शेवटचा सिद्धांत आहे वर. फार मोठं काम. कुणीच हात लावत नाही." "वर काय लिहिलंय पण?" "ते कुणाला माहीत? मोठं आहे एवढं नक्की." आपल्या डोळ्यांसमोरची ओळ दहादा तपासणारी ही माणसं, न बघितलेल्या ओळीपुढे हात जोडून उभी! मी आतून बोंबलत होतो, अरे चूक आहे ती! कंस चुकलाय! ती बाई स्वतः पुसणार होती! पण ऐकतो कोण?

सर निवृत्त झाले, पण बुधवार चुकवला नाही. सगळ्यांच्या आधी यायचे, चौकटीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. फट काही त्यांनी कधी उघडली नाही. एकदा विभागप्रमुख अभिमानाने त्यांना म्हणाले, "सर, काळजी करू नका. आम्ही कुणाला हात लावू दिलेला नाही."

"बरं केलंत," सर म्हणाले.

प्रमुख गेल्यावर ते चौकटीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आता यांना कसं सांगू, की मला बघवत नाही आणि विसरवतही नाही." विभाग त्यांच्यासाठी मला जपत होता आणि ते विभागाचा मान राखत होते. दोघांच्या भिडेत मरण माझं.

मग आली रांगवाली.

तिचं हे नाव विद्यार्थ्यांनीच पाडलेलं. ती दवाखान्यातल्या रांगांवर संशोधन करायची. कुणाला किती थांबावं लागतं, एक डॉक्टर वाढवला तर किती फरक पडतो, कुणाला आधी आत घेतलं तर कुणाचा जीव वाचतो. तिचे वडील अशाच एका रांगेत बसल्या बसल्या वारले, असं ती मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं होतं. कॅन्टीनमध्येसुद्धा ती रांग मोजत उभी राहायची म्हणे, आणि चहा संपून जायचा.

प्रबंध देण्याआधी समितीसमोर टॉक द्यावा लागतो. तिने एकदा दिला आणि फज्जा झाला. तिचं गणित दोन फळ्यांचं, जागा एका फळ्याची. अर्ध्यावर आल्यावर बिचारीने पुसलं. शेवटी बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुमची पहिली ओळ कुठाय? तिच्यावरच माझा आक्षेप आहे." ती आठवून आठवून लिहायला गेली, गडबडली, आणि परीक्षक म्हणाले, "पुन्हा द्या." आता तिची मुदत संपत आली होती. या खेपेला जमलं नाही तर सगळी वर्षं पाण्यात.

दुसऱ्या खेपेला तिने शहाणपणा करून सगळं प्रोजेक्टरवर आणलं. टॉक सुरू झाला आणि प्रोजेक्टरने मान टाकली. शिपाईमामांनी त्याला थोपटलं, वायर काढली, घातली, फुंकर मारली. ढिम्म. बाकीच्या खोल्यांत परीक्षा चाललेल्या. परीक्षकांना संध्याकाळी परत जायचं होतं.

"फळ्यावर लिहा," ते म्हणाले. माणूस कडक, पण आवाजात खोट नव्हती.

रांगवाली लिहायला लागली. खडूचा आवाज भावाच्या अंगातून माझ्या अंगात येत होता. मुलीचं गणित पक्कं होतं हो! ओळीमागून ओळ, कुठे अडखळ नाही. मी श्वास रोखून ऐकत होतो. आणि भाऊ भरला.

तिने डस्टर उचललं. परीक्षक म्हणाले, "थांबा. पुसू नका. पहिली ओळ मला लागणार आहे."

"मग सर, पुढचं लिहू कुठे?"

खुर्च्या करकरल्या. रांगवालीचा आवाज रडवेला झाला, पण तिने तो आवरला. "मागे एक फळा आहे," ती म्हणाली.

"तो नाही," विभागप्रमुख लगेच म्हणाले. "तो सोडून बोल."

"मला ठाऊक आहे सर. पण मला दुसरी जागाच नाही. मागच्या वेळी मी पुसलं आणि सगळं गेलं. आता..."

पहिल्या रांगेतली खुर्ची मागे सरकली. सर उठले होते.

"पाचर काढा," ते म्हणाले.

"सर, अहो, तुम्ही..."

"मामा, काढा ती पाचर. पोरगी खोळंबलीय."

शिपाईमामांनी पाचर ठोकून ठोकून बाहेर काढली. भाऊ कुरकुरत वर गेला. आणि उजेड! एकदम, सगळीकडून, डोळे दिपवणारा उजेड. खोलीतली सगळी माणसं उभी राहिलेली. त्यांना पहिल्यांदाच बाईंचं अक्षर वरपासून खालपर्यंत दिसत होतं. कुणीतरी हुंदका दिला.

सर माझ्या अगदी जवळ आले. चष्मा वर केला. एकेक ओळ बोटाने वाचत खाली येऊ लागले, खडूला न शिवता, केसभर अंतर राखून. मधल्या त्या ओळीपाशी बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

मी मनात किंचाळत होतो. हो सर! तिथेच! तिथेच!

"अगं," सर म्हणाले. "अगं, हे वजा कुठे गेलं तुझं?"

एकेक करत सगळ्यांनी खिशातून पेनं काढली. जात्याच खोड ती, राहवत नाही त्यांना. परीक्षक पुढे आले, बघून म्हणाले, "बरोबर. दुसऱ्या पदालाही वजाच हवं." सरांनी खडू घेतला आणि बाजूला, बारीक अक्षरात, वजा घालून तीच ओळ पुन्हा मांडली. पद पदाला खाऊन गेलं. खाली उरलं ते, शून्य बरोबर शून्य.

"म्हणजे काहीच नाही?" विभागप्रमुख कसेबसे म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी जपलेलं ते शून्य बरोबर शून्य होतं.

सर हसायला लागले. आधी बारीक, मग खदखदून, भिंतीला हात टेकून. हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. "कंस सोडवताना नेहमीच घाई हिची," ते म्हणाले. "आणि आपण देव्हाऱ्यात बसवलं होतं! अहो, ती परत आली असती तर आल्या आल्या हे पुसलं असतं. तळहाताने."

हेच. हेच सांगायचं होतं मला. माझा जीव भांड्यात पडला.

सरांनी डस्टर घेतलं. वरच्या ओळीपासून सुरुवात केली. सावकाश, एकेक ओळ. बाईंचा खडू सरांच्या बाहीवर, चष्म्यावर, पांढऱ्या केसांवर सांडत होता. मला हलकं वाटत होतं आणि जिवाला लागतही होतं, हे खोटं कशाला सांगू? तो शेवटचा खडू होता त्यांचा. तळाशी ती चौकट राहिली आणि सरांचा हात थांबला.

"मला खाली वाकवत नाही," ते म्हणाले. "तेवढं तू पुस."

त्याच दुपारी "थांब, मी वाकतो" म्हणत खाली पडलेलं पेन उचलताना मी त्यांना ऐकलं होतं. पण गप्प बसलो. म्हणजे गप्पच असतो म्हणा मी.

रांगवाली डस्टर हातात घेऊन उभीच राहिली. "सर, नक्की?"

"अगं, रांग खोळंबलीय मागे. आटप."

तिने चौकट पुसली आणि लिहायला लागली. वर भावाच्या अंगावर तिची पहिली ओळ, खाली माझ्या अंगावर शेवटची. परीक्षकांनी पहिल्या ओळीवर भरपूर झोडपलं. तिने बोट दाखवून दाखवून उत्तरं दिली. अखेर ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "द्या प्रबंध." सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती हमसून हमसून रडत होती.

विभागप्रमुखांना भरून आलं. खडू घेऊन ते तिच्या शेवटच्या ओळीखाली चौकट काढायला लागले. सर म्हणाले, "अहो, काय करताय? चहा पाजा पोरीला आणि हे पुसून टाका."

तेव्हापासून पाचर नाही. दर बुधवारी भरतो, दर बुधवारी कोरा होतो. भाऊ म्हणतो, आता कळलं का सालटी निघणं म्हणजे काय? निघू देत. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की आपल्या माणसाचं काही जपून ठेवाल तर अधूनमधून उघडून बघत जा. त्या माणसाने स्वतःच ते पुसलं असतं असं दिसलं, तर त्याला तेवढी मोकळीक द्या.

आज दुपारी सर एकटेच आले. ती वजाची ओळ सोडली तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर लिहायला घेतलं. बाईंचाच पूर, बाईंचीच पहिली ओळ, या खेपेला कंस नीट सोडवून. अर्ध्यावर गाडी अडली. मान खाजवली, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "चहा घेऊन येतो."

बाहेर पडताना त्यांनी चौकट काढली नाही की ते दोन शब्द लिहिले नाहीत. पण चहा म्हणाले ना! खाली कॅन्टीन आहे, तो बाक आहे. मी मघापासून तुमच्याशी बडबडतोय ती उगाच नाही.

थांबा. जिन्यात पाय वाजतायत. सावकाश, मधेच थांबत. दम लागलाय कुणाला तरी.

आले! बाई, आले हो ते परत! कपाळावर खडूचा पट्टा ओढलाय, त्यांना पत्ताही नाही. डस्टर शोधतायत. नाही मिळालं. तळहातानेच पुसतायत.